वानगी

बार्शीचे धान्याचे व्यापारी संगाप्पा शेटे मुलासाठी मुलगी पाहायला गेले. त्यांनी तिला चालवलं, केस सोडायला लावले, दातसुद्धा पाहिले. मुलीचे वडील ओशाळले, तसे शेटे म्हणाले, "आम्ही व्यापारी माणसं. मूठभर वानगी पाहिल्याशिवाय पोतं उचलत नाही."

मुलगी मान खाली घालूनच बोलली, "आम्हीही वाण्याच्याच घरातल्या, अण्णा. तुमची वानगी कुठाय? मुलगा तर घरीच ठेवून आलात."

माजघरातल्या बायका हसल्या. शेटे विडा न घेताच उठले.

मुलगा भिडस्त होता. गिऱ्हाइकापुढे त्याला शब्द सुचत नसे. त्याला सांभाळून दुकानावर नजर ठेवील अशी सून शोधायलाच शेटे निघाले होते. ती सापडली होती, हे बैलगाडीत बसल्यावर त्यांना कळलं. पण गाडी मागे वळव, असं काही त्यांच्यानं गाडीवानाला म्हणवलं नाही.