काका मधे आले

कॅमेरे अजून स्वतःच्या पायांनी रानोमाळ हिंडायचे, तेव्हाची गोष्ट. लांब भिंगाचे, तीन पायांचे लांबनाकेकाका सकाळपासून तळ्याकाठी खंड्याची वाट बघत उभे होते. मासा पकडून पाण्यातून वर येणारा खंड्या त्यांना जन्मात एकदा तरी टिपायचा होता.

पण सोबती म्हणजे नुसता वैताग! फ्लॅशराव भर उन्हात लखलखायचे. खिशात मावेल एवढी टिचकी तर दगड दिसला तरी खटाक करायची.

अखेर खंड्या समोरच्या फांदीवर येऊन बसला. काकांनी श्वास रोखला, आणि मागून टिचकीने केलं खटाक! काका गर्रकन तिच्याकडे वळले.

"अगं कार्टे, काही रीतभात? एका फोटोसाठी आम्ही दिवसदिवस ताटकळायचो, आणि तुमचं आपलं..."

पाठीमागे पाण्यात 'चुबुक' झालं, आणि समोर टिचकीचं पुन्हा खटाक! काका वळेपर्यंत खंड्या पसार झाला होता.

काकांचं तोंड एवढंसं झालं. टिचकीला राहवेना. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, माझ्यात आलाय तो. बघता?"

काकांनी वाकून पाहिलं. चोचीत मासा, पंखांवरून निथळणारं पाणी. हवा होता तोच क्षण! आणि त्याच्यापुढे निम्मं चित्र अडवून, खंड्याकडे पाठ करून, भिंग वटारून उभे होते खुद्द काका.

"मधे आलो की गं मी तुझ्या," ते पुटपुटले.

"असू द्या हो," टिचकी म्हणाली. "एरवी तुमचा फोटो काढतं तरी कोण?"