घोडेवाल्याच्या कानाची पाळी

फार पूर्वी, नद्यांवर पूल नव्हते तेव्हा, एका गावात एक नावाडी राहत होता. नाव एकच आणि नावाडीही एकच, त्यामुळे गावाला त्याच्यावाचून नदी ओलांडता येत नसे.

त्याला तीन पत्त्यांच्या खेळाचा भारी नाद. बाजाराच्या दिवशी नदीकाठच्या पिंपळाखाली चिंचोक्यांवर डाव रंगायचा आणि नावाडी धोतराचा सोगा भरून चिंचोके घरी न्यायचा. चांगले पत्ते आले की तेली मांडी बदलतो, वाईट आले की कुंभार उगाच हसतो, हे त्याला पाठ होते. आपल्याला चेहऱ्यावरून पत्ते वाचता येतात, असे तो छाती फुगवून सांगायचा. खरे तर त्याला पत्ते नव्हे, लहानपणापासूनची माणसे वाचता येत होती.

एकदा बाजाराला परगावचा एक घोडेवाला आला आणि डावात बसला. चिंचोक्यांवर काय खेळायचे म्हणून त्याने घोड्याची घुंगरमाळ धाडकन मधे टाकली आणि कानाची पाळी चोळली. नावाड्याने बाजारातून घेतलेला नारळ लावून पत्ते उघडायला लावले, तर घोडेवाल्याच्या हाती काहीच नव्हते. पुढच्या डावात त्याने पितळी लोटा आपटला, पाळी चोळली आणि पुन्हा हरला. सापडला बेटा, असे नावाडी मनात म्हणाला.

तिसऱ्या डावात नावाड्याला दोन राजे आले. घोडेवाल्याने पाळी चोळली आणि हळूच एक चाबूक ठेवला. मग घोंगडी. मग खोगीर. नावाड्यानेही जिंकलेली माळ लावली, लोटा लावला, शेवटी मासे धरायचे जाळेही लावले.

तेव्हा घोडेवाला म्हणाला, "नावाडीबुवा, मी घोडा लावतो. तुम्ही नाव लावा."

नावाडी हो म्हणणार, तेवढ्यात पैलतीरावरून सुईणीची हाक आली. "नावाडीदादा, नाव आणा. सुताराची सून अडलीय."

नावाडी थबकला. नदीकडे बघता बघता त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वाईट पत्त्यांवर हा माणूस पहिल्याच झटक्याला मोठी वस्तू आपटत होता, समोरच्याने पळावे म्हणून. आता मात्र थोडे थोडे वाढवतोय, आपण पळू नये म्हणून. गळाला मोठा मासा लागला की आपणही दोरी अशीच सैल सोडतो. आणि कान तर तो मुद्दाम आपल्याला दाखवत होता.

"मी पत्ते टाकले," नावाडी म्हणाला. "जाळ्यासकट सगळे तुमचे."

घोडेवाल्याने चिडून आपले पत्ते उलटे केले. तिन्ही दुर्र्या होत्या. तीन सारख्या पत्त्यांपुढे दोन राजांचा काय पाड?

नावाडी घाटाकडे धावत सुटला. नाव खुंटीला बांधलेली, जिथल्या तिथे होती. ती बघून त्याला रडूच कोसळले. त्याने सुईणीला अलीकडे आणले. दिवेलागणीला सुताराच्या घरातून तान्ह्या बाळाचे रडणे ऐकू आले, तेव्हा तो नावेतच वल्हे छातीशी धरून बसला होता आणि एकटाच हसत होता.

तात्पर्य: जो आपली कमजोरी आपणहून दाखवतो, त्याचा चेहरा बघू नये, चाल बघावी, आणि ज्या नावेत गाव बसते, ती डावावर लावू नये.