चोपदार खाली बसला

फार फार वर्षांपूर्वी, डोंगरांच्या कुशीतल्या एका राज्यात न्यायाची एक अजब रीत होती. चोपदाराने तीनदा विचारायचं, "गुन्हा कबूल?" तिन्ही वेळा आरोपी गप्प राहिला, की झाला कबूल! मोठी माणसं वकील आणत. लेकरांना कसला आलाय वकील? आणि घरोघरी लेकरांना शिकवण एकच : मोठ्यांना उलट बोलायचं नाही. आता घ्या! दरबारात उभं राहिलेलं एकही लेकरू कधी सुटलं नव्हतं.

नागू चोपदाराचा आवाज असा, की खांबांवरचे पारवे उडून जावेत. त्याला त्याचा कोण अभिमान!

एके दिवशी शिपायांनी आठ वर्षांच्या सगुणीला आणून उभं केलं. राजाच्या बागेचं फाटक कुणीतरी उघडं टाकलं होतं, हरणांनी सगळी रोपं फस्त केली होती, आणि फाटकापाशी सापडली ही पोर. शिक्षा ठरलेली : आईबापांपासून दूर, डोंगरापलीकडच्या तबेल्यात पाच वर्षं चाकरी.

"गुन्हा कबूल?" नागू गरजला. पोर गप्प.

"गुन्हा कबूल?" तिने ओठ आणखी घट्ट मिटले. कोपऱ्यात तिच्या आईने तोंडात पदर कोंबला.

तिसऱ्यांदा नागूने तोंड उघडलं, अन् त्याचं लक्ष पोरीच्या पायांकडे गेलं. ते लटलट कापत होते. अरे, ही तर माझ्या आवाजालाच भ्यायली आहे! त्याने हातातला दंड बाजूला ठेवला आणि चक्क तिच्याशेजारी जमिनीवर बसकण मारली.

"बाळ, विचारल्यावर सांगणं म्हणजे उलट बोलणं नव्हे. काय झालं गं?"

"काका, फाटक उघडंच होतं. मी हरणं हाकलत होते. कडीपर्यंत माझा हात पुरतच नाही."

नागू उठला. "महाराज, हिच्या वतीने मी बोलतो. फाटकापाशी चला!"

सगळे गेले. सगुणीने टाचा उंचावल्या, उड्या मारल्या, तरी कडी वीतभर वरच राहिली. माळ्याने मान खाली घातली. "कडी लावायला मीच विसरलो, महाराज."

पोर सुटली. आईने तिला उराशी धरलं. नागू मात्र रडत होता.

"महाराज, आधीच्या लेकरांना मी तिसऱ्यांदाही विचारलं होतं. त्यांचं काय?"

राजाने तिथेच हुकूम काढला : जुने सगळे निवाडे पुन्हा तपासा, आणि यापुढे प्रत्येक लेकराला वकील द्या. वकिलाने आधी लेकराशेजारी बसून ऐकायचं, मगच उभं राहून बोलायचं.

तबेल्यातल्या लेकरांना आणायला नागू स्वतः गेला. वाटेत त्याने एकदाही आवाज चढवला नाही.

तात्पर्य : लेकराचं गप्प राहणं ही कबुली नव्हे, त्याचं ऐकून त्याच्यासाठी बोलणारं कुणी असेल, तरच तो न्याय.