देवळाबाहेरचा दोर

नावखडीच्या ख्रिस्ती देवळापाशी आलेला पाहुणा आधी एकच गोष्ट विचारतो. घंटेचा दोर आत न सोडता भिंतीला भोक पाडून बाहेर, खाडीच्या बाजूला का लोंबतो? उन्हापावसात तो कुजतो. मग दुसरा बांधतात, तोही बाजारातून आणलेला नाही, कोणाच्या तरी होडीवरून सोडून आणलेला. गावातली म्हातारी माणसे पाहुण्याला पायरीवर बसवतात आणि फिलूची गोष्ट सांगतात.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. फिलूचा नवरा इनास तरीवाला होता, माणसे खाडीपार नेई. देवळात तो मागे उभा राहायचा आणि प्रार्थना अर्धीमुर्धीच म्हणायचा. पण वल्हे पाण्यात घालण्याआधी त्यावर बोटाने क्रूस काढायला कधी विसरला नाही. म्हाताऱ्यांना हात धरून उतरवी, कोणाला तिष्ठत ठेवत नसे. फिलू चिडवायची, "देवळात झोपतोस आणि होडीत संत होतोस!" तो म्हणे, "होडीत झोपलो तर बुडेन ना गं."

त्या वर्षी गुड फ्रायडेच्या पहाटे मिठागरावरची गोदू अडली. पोर आडवे आले होते आणि जाणती सुईण पलीकडच्या काठावर. गुड फ्रायडेला नावखडीत चूल पेटत नसे, जाळे हलत नसे, होडी पाण्यात जात नसे. देवळाच्या किल्ल्या सांभाळणारे पास्कूकाका इनासला काठावर आडवे आले.

"आजच्या दिवशी वल्हे धरतोस? प्रभू क्रूसावर आहे आज!"

"काका, गोदू थांबेल एक वेळ. पोर थांबायचे नाही," इनास म्हणाला. त्याने वल्ह्यावर क्रूस काढला आणि गोदूला घेऊन निघाला.

ती पलीकडे पोचली. पण इनास परत निघाला आणि धुके उतरले. काठ दिसेना, खाडीच्या तोंडाशी पाण्यातून वर आलेली खडकांची खडपे दिसेनात. एरवी असे धुके पडले की देवळाची घंटा वाजवत, त्या आवाजाच्या रोखाने होड्या खाडीत शिरत. फिलू धावत देवळाकडे गेली. दार बंद होते. अंगणात पास्कूकाका लोकांना घेऊन प्रभूच्या दुःखाच्या प्रार्थना म्हणत क्रूसाची वाट चालत होते.

"काका, किल्ली द्या. इनास पाण्यात आहे."

"प्रभूच्या दुखवट्यात घंटा मुकी असते, पोरी. काल संध्याकाळी मुकी झाली, ती उद्या रात्रीच बोलेल. आपल्या आज्यापणज्यांनी कधी मोडले नाही."

"त्यांचा कोणी पाण्यात नसेल तेव्हा!"

"प्रार्थना कर," काका म्हणाले. "आम्हीही करतो." आणि त्यांनी खरोखरच इनाससाठी सगळ्यांना गुडघे टेकायला लावले. त्या दिवसांत घंटेऐवजी लाकडी खडखडा वाजवायचा असतो, तो जोरजोराने वाजवला. त्याचा आवाज अंगणापलीकडेही जात नसे. मोठ्या गावचे पाद्री दुपारी यायचे होते. पास्कूकाकांचा शब्द मोडायला कोणी पुढे झाले नाही.

फिलू काठावर गेली. घसा फुटेपर्यंत तिने हाका मारल्या. कोणी म्हणतात, एकदा समोरून ओ आली. मग लाकूड फुटल्यासारखा आवाज झाला.

शनिवारी रात्री घंटा बोलली. सणाची घंटा ती, खूप वेळ वाजत राहिली. त्याच रात्री ओहोटीने इनासचा देह खडपांपाशी उघडा पाडला. बातमी आली तेव्हा पास्कूकाका दोर टाकून फिलूपुढे येऊन उभे राहिले. ते रडत होते.

"आता वाजवा, काका," फिलू म्हणाली. "आता त्याला कुठे यायचे आहे?"

इस्टरच्या सकाळी लोक मिस्साच्या प्रार्थनेला आले, तर फिलू पहारीने देवळाची भिंत फोडत होती. कोणी तिला अडवले नाही. कोणी तिच्या हातातली पहारही घेतली नाही. भोक पडल्यावर तिने घंटेचा दोर बाहेर ओढला, त्याला इनासच्या फुटक्या होडीचा दोर गाठ मारून जोडला आणि घरी गेली. पाद्री आले, भोक बघून मिस्सा करायला आत गेले. पलीकडे गोदूला मुलगी झाली होती. ती मोठी झाल्यावर दरवर्षी येऊन फिलूच्या अंगणात बसायची. फिलू तिला जेवायला वाढायची, बोलायची मात्र नाही, असे सांगतात.

पास्कूकाका वाईट माणूस नव्हते. गोष्ट इथवर आली की म्हातारी माणसे तेवढे आवर्जून सांगतात. ते नियम पाळणारे होते.

आजही दोर बाहेरच असतो. पण दरवर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी कोणीतरी तो गुंडाळून वर खिळ्याला बांधून ठेवते. पोरे उगाच ओढतील म्हणून, एवढेच. सकाळी खाडीवर जाणारी एखादी बाई उभी राहते, टाचा उंचावते, गाठ सोडते आणि दोर खाली सोडून पुढे जाते. बांधणारा कोण, हे गावात सगळ्यांना माहीत असते. तोही वाईट माणूस नसतो.