लॅपटॉपला घातली कुंची

एक मुंगी होती. केवढी? तिळाएवढी. म्हणून तिचं नाव तिळू.

तिळू राहायची भिंतीच्या फटीत. त्याच घरात राहायची रेवू. रेवूची आई गेली होती लांब, समुद्रापलीकडे, कामाला. घरात रेवू आणि तिची बेबीआत्या. दोघीच.

रोज दिवेलागणीला लॅपटॉप उघडायचा. टिंग! आई दिसायची. आई बोलायची, रेवू गूळपोळी खायची. एक तुकडा खाली ठेवायची. म्हणायची, "हा तिळूचा वाटा!"

पण मेलं काहीतरी बिघडलं. आई म्हणाली, "रेवू, मी केव्हा येणार, माहितीये? मी येणार..."

फुस्स! लॅपटॉप बंद. काळाकुट्ट.

परत टिंग! परत आई. "मी येणार..."

परत फुस्स!

टिंग! फुस्स! टिंग! फुस्स! एक दिवस झाला. दोन झाले. चार झाले. आत्याने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. "कुणाची मेल्याची दृष्ट लागली गं!" दृष्ट कसली, डोंबल! परत फुस्स.

केव्हा येणार आई? कोण सांगणार? रेवू बसली कोपऱ्यात. पोळी तशीच. दूध तसंच. मग तिळूला वाटा कुठला? पोट खपाटीला गेलं बिचारीचं.

तिळू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"रेवूताई, रेवूताई, जेव ना!"

"मी नाही जेवायची. लॅपटॉप टिकेना."

तिळू गेली लॅपटॉपकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"लॅपटॉपदादा, लॅपटॉपदादा, टिक ना!
लॅपटॉप टिकेना,
रेवू जेवेना,
तिळूचं पोट भरेना!"

"मी नाही टिकायचा. अंग माझं तापलं. पंखा फिरेना."

पंखा कुठे? लॅपटॉपच्या पोटात. तिळू शिरली आत. तुरुतुरु, तुरुतुरु. आत अंधार. आत उकाडा. हुश्श!

"पंखेभाऊ, पंखेभाऊ, फिर ना!
पंखा फिरेना,
लॅपटॉप टिकेना,
रेवू जेवेना,
तिळूचं पोट भरेना!"

पंखा म्हणाला, "गर्र... खट्! गर्र... खट्! मी नाही फिरायचा. बोळा हलेना."

पंख्यात अडकला होता धुळीचा बोळा. राखाडी. गुबगुबीत. तिळू गेली त्याच्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बोळोबा, बोळोबा, हल ना!
बोळा हलेना,
पंखा फिरेना,
लॅपटॉप टिकेना,
रेवू जेवेना,
तिळूचं पोट भरेना!"

"मी नाही हलायचा. जाऊ कुठून? जाळी उघडेना."

तिळू गेली जाळीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. जाळी म्हणजे लॅपटॉपचं नाक. तिथूनच तो श्वास घेतो.

"जाळीबाई, जाळीबाई, उघड ना!
जाळी उघडेना,
बोळा हलेना,
पंखा फिरेना,
लॅपटॉप टिकेना,
रेवू जेवेना,
तिळूचं पोट भरेना!"

जाळी म्हणाली, "उंऽऽ उंऽऽ! मी नाही उघडायची. कुंची सुटेना."

अगं बाई! लॅपटॉपला कुंची? हो तर! लाल कुंची, पांढरे बंद. रेवू तान्ही होती ना, तेव्हा आईने शिवली होती. टोपडं डोक्यावर, झालर पाठीवर. आता ती आत्याने घातली होती लॅपटॉपला. मागून गच्च बांधली होती. पडदा तेवढा उघडा.

तिळू गेली कुंचीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"कुंचीताई, कुंचीताई, सूट ना!
कुंची सुटेना,
जाळी उघडेना,
बोळा हलेना,
पंखा फिरेना,
लॅपटॉप टिकेना,
रेवू जेवेना,
तिळूचं पोट भरेना!"

"मी नाही सुटायची. मला का इथे आवडतं? मी रेवूची! पण आत्या सोडेना."

तिळू गेली आत्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. चढली हातावर.

"आत्याबाई, आत्याबाई, सोड ना!
आत्या सोडेना,
कुंची सुटेना,
जाळी उघडेना,
बोळा हलेना,
पंखा फिरेना,
लॅपटॉप टिकेना,
रेवू जेवेना,
तिळूचं पोट भरेना!"

तिळाएवढीचा आवाज तो केवढा! आत्याला काही ऐकू गेलं नाही. तिने लॅपटॉपला हात लावला.

"अगं बाई! अजून ताप! चटकाच बसला की. थंडी वाजत असेल हो याला. ताप उतरेपर्यंत कुंची नाही सोडायची."

आणि बंद आणखी घट्ट बांधले. शहाणीच ती!

अरे देवा! कुंची आहे म्हणून ताप. ताप आहे म्हणून कुंची. आता जायचं कुणाकडे? कुणीच उरलं नाही.

तिळू आत्याच्या बोटावर बसली. रडली. मुंगीचं रडू ते, दिसणार कुणाला? कोपऱ्यात रेवूही रडत होती. मुसू मुसू, मुसू मुसू. तिच्याकडे बघून तिळूला फार फार वाईट वाटलं.

पण रडून का पोट भरतं? तिळूने डोळे पुसले. तोंड उघडलं. आणि आत्याच्या बोटाला... चटक्!

"आई गंऽऽ!" आत्या ओरडली. "मुंग्या! कुंचीत मुंग्या झाल्या!"

तिने बंद सोडले. सर्रकन कुंची ओढली. खिडकीत नेऊन झटकली. फट् फट्! फट् फट्!

आत्याने सोडली, कुंची सुटली.

कुंची सुटली, जाळी उघडली.

जाळी उघडली, आत्याला दिसला बोळा. "अगं बाई, केवढा हा! नाकच चोंदलंय की! आणि वरून मी कुंची घातली. माझंच मेलीचं चुकलं रे!" आत्याने चिमटीत धरला, हळूच ओढला.

बोळा हलला, पंखा फिरला. भिर्रर्र! भिर्रर्र!

पंखा फिरला, ताप उतरला.

ताप उतरला, लॅपटॉप टिकला. टिंग!

आणि फुस्स? छे! फुस्स नाही!

आई दिसली. आईने पाहिली आत्याच्या हातातली कुंची. "अगं, ही तर मी शिवलेली!"

रेवू धावत आली. कुंची डोक्यावर घातली. कशीबशी बसली. बंद काही बांधले जाईनात.

आई म्हणाली, "एवढीशी झाली गं कुंची?"

"कुंची तेवढीच आहे," रेवू म्हणाली. "मी मोठी झाले."

आत्याने जाळीला हात लावून पाहिला. गार होती.

"आई, तू केव्हा येणार?"

"खिडकीतून पेरूचं झाड दिसतं ना? त्याचे पेरू पिकले, की मी येणार."

रेवूने खिडकीतून पाहिलं. पेरू होते. इवले इवले. हिरवे, टणक. एकही पिकला नव्हता.

पण ती रडली नाही. "मग मी रोज बघीन," ती म्हणाली. तिने पोळी घेतली. एक घास खाल्ला. मग एक तुकडा खाली ठेवला. गुळाचा, चांगला मोठा.

"हा तिळूचा वाटा!"

तिळूने तुकडा उचलला. तुरुतुरु, तुरुतुरु, गेली फटीत. तिळूचं पोट भरलं.

आता आपणही निजू. पांघरूण घ्या. पण नाक उघडं ठेवा हं!