झाकण उघडलं की

साप आणि पाली माणसांशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. कुमुदमावशींनी पेटीत बोआ जातीचा बिनविषारी साप पाळला होता. झाकण उघडायचं, उंदीर सोडायचा आणि झाकण लावायचं, एवढाच त्यांचा संबंध.

एकदा पेटी पुसायला मावशींनी हात घातला आणि साप हातावर झेपावला.

"माझ्या हातचं खाऊन मलाच चावतोस होय रे? उद्या तुला रानात सोडते." मावशी रडवेल्या झाल्या. परक्या मुलखातला तो साप रानात जगला नसता.

"मला काय ठाऊक? झाकण उघडलं की जेवण येतं," साप घाबरून म्हणाला.

भिंतीवरची पाल म्हणाली, "मावशी, जेवणाशिवाय तुम्ही याला कधी भेटलात? आधी काठीनं हळूच अंगाला स्पर्श करा. मग त्याला कळेल, आज ताट नाही."

दुसऱ्या दिवशी मावशींनी तसंच केलं आणि मग हात आत घातला. सापानं जिभेनं हात चाचपला आणि तो सावकाश कोपरापर्यंत चढला.

"उंदीर कुठंय?"

"आज नाही. आज मी नुसतीच आले."

सापानं थोडा विचार केला.

"मग बसा की जरा," तो म्हणाला.