विहिरीत पडलेली सात वासरं

निंबटेक नावाच्या एका गावात खटावकर गुरुजी म्हणून एक निवृत्त शिक्षक राहत. बत्तीस वर्षं त्यांनी मुलांना मराठी शिकवलं होतं. नोकरी संपली, पण शिकवायची खोड संपली नाही. रस्त्याने जाताना एखाद्या दुकानाची पाटी चुकलेली दिसली, की खिशातला खडू काढून ते तिथल्या तिथे दुरुस्त करत. दुकानदार हसत आणि त्यांना चहा पाजत. गावाचा त्यांच्यावर जीव होता आणि त्यांचा गावावर.

गुरुजींच्या हाताला मोठं यश होतं. वसतिगृहाचा अर्ज असो की शिष्यवृत्तीचा निबंध, त्यांनी लिहून दिला की काम फत्ते. त्यांच्या निबंधात हटकून एक वासरू असे. ते विहिरीत पडे. अर्ज करणारा मुलगा जिवाची पर्वा न करता पाण्यात उडी घेई, वासराला वर काढी, आणि गाय डोळ्यांत पाणी आणून त्याचा हात चाटी. हा परिच्छेद लिहिताना गुरुजींना स्वतःलाच दर वेळी गहिवरून येई. खरं सांगायचं तर निंबटेकच्या विहिरीत आजवर एकही वासरू पडलं नव्हतं. पण कचेरीतल्या साहेबांना ते कुठे ठाऊक होतं?

त्या वर्षी शाळेत एक पत्रक आलं. दूर डोंगरावर एक विज्ञान संस्था होती. तिच्याकडे मोठी दुर्बीण होती. उन्हाळ्याच्या सुटीत नववीतल्या तीस मुलांना संस्था महिनाभर आपल्याकडे ठेवून घेणार होती. साऱ्या राज्यातून फक्त तीस. परीक्षा नाही, मार्क नाहीत. मुलांनी एकच निबंध लिहून पाठवायचा होता. विषय होता, ‘तुम्ही स्वतः पाहिलेली एक गोष्ट’.

निंबटेकच्या सात मुलांनी नावं दिली आणि सातही जण संध्याकाळी गुरुजींच्या ओट्यावर येऊन बसले. हे गावात ठरलेलंच होतं. ताप आला की डॉक्टर आणि निबंध आला की गुरुजी.

सातांमध्ये शेजारच्या हणमंत सुताराची स्वरूपा होती. अगदी शांत पोर. वर्गात हात वर करायची तोही अर्धाच. तिला पहिलं अक्षर गुरुजींनीच गिरवायला लावलं होतं, म्हणून त्यांना तिचं फार कौतुक. दुर्बिणीचं नाव ऐकल्यापासून स्वरूपाला जेवण गोड लागत नव्हतं. पुढच्या वर्षी ती दहावीत जाणार, मग अर्ज करता येणार नव्हता. जे काय व्हायचं ते याच वर्षी.

“तू काय पाहिलंस गं?” गुरुजींनी तिला विचारलं.

“आमच्या पत्र्याला भोक आहे ना गुरुजी, त्यातून ऊन येतं,” ती म्हणाली. “त्याच्याविषयी लिहू?”

गुरुजी पोट धरून हसले. “अगं वेडे, घराचा पत्रा फुटलाय हे काय राज्यभर कळवायचं? तुझ्या बापाला दोन वर्षं सांगतोय, डांबर लावून भोक बुजव म्हणून. तो नुसता हसतो, पण शिडी काही चढत नाही. तू काळजी करू नकोस. तुझ्यासाठी मी छान पांढरंशुभ्र वासरू राखून ठेवलंय.”

स्वरूपा गप्प झाली. पोर खूश झाली, असं गुरुजींना वाटलं.

चार दिवस बसून गुरुजींनी सात निबंध लिहिले. उगाच कोणी नावं ठेवायला नको म्हणून प्रत्येक वासराचा रंग बदलला. एक तांबडं केलं, एक काळं, एक बांडं. एकाच्या कपाळावर तर चांदणीसुद्धा काढली. मुलांनी माना खाली घालून ते आपापल्या अक्षरात उतरवून घेतले आणि पाकिटं रवाना झाली.

एक गोष्ट मात्र गुरुजींच्या ध्यानातच आली नाही. आजवर त्यांचं वासरू दर वेळी वेगळ्या कचेरीत पडत होतं. यंदा सातही वासरं एकाच टेबलावर जाऊन पडली.

पंधरा दिवसांनी शाळेच्या मुख्याध्यापिका पाटोळे बाई हातात संस्थेचं पत्र घेऊन गुरुजींच्या घरी आल्या. हसावं की रडावं हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी पत्र वाचून दाखवलं.

“आपल्या गावातून सात निबंध आले. सातही मुलांनी विहिरीत पडलेलं वासरू वाचवलं आहे. मुलांच्या धाडसाचं कौतुक वाटतं. पण गावात इतकी वासरं पडत असतील, तर विहिरीला आधी कठडा बांधून घ्यावा, ही नम्र विनंती. आम्ही आठ दिवसांची मुदत वाढवून देत आहोत. मुलांनी पुन्हा लिहावं. या वेळी वासरू नको.”

गुरुजींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या होत्या. त्यांची चूक कोणी दाखवल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

पाटोळे बाई हळूच म्हणाल्या, “गुरुजी, तुमचं नाव यात कुठेच नाही. मुलांनी एकमेकांचं बघून लिहिलं, असं मी कळवते. तुमच्या नावाचा गावात बोभाटा नको.”

सुटका अगदी दारात येऊन उभी होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. ओट्यावर खाली माना घालून बसलेली ती सात डोकी त्यांना पुन्हा पुन्हा आठवत होती. त्या लेकरांनी कोणाचं काय बघून लिहिलं होतं? त्यांना तर तोंड उघडायलाही मिळालं नव्हतं.

“नको बाई,” गुरुजी म्हणाले. “कॉपी पोरांनी नाही केली. मीच माझी कॉपी केली, सात वेळा.”

त्यांनी लगेच कागद घेतला आणि संस्थेला खरं काय ते चार ओळींत कळवलं. इतका छोटा मजकूर त्यांनी आयुष्यात कधी लिहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते नववीच्या वर्गात जाऊन उभे राहिले. “पोरांनो, ती सातही वासरं विहिरीत मीच ढकलली होती,” ते म्हणाले. वर्ग हसला. गुरुजीही थोडे हसले. “तुमचा अर्ज माझ्यापायी अडकला. चुकलं माझं. आता ज्याचं त्याने लिहायचं.”

मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “पर गुरुजी, आमच्याकडं लिहिण्यासारखं कायच न्हाई.”

“मलाही तसंच वाटत होतं बाळा,” गुरुजी म्हणाले. “म्हणून तर हे रामायण झालं.”

ते आठ दिवस गुरुजींना फार जड गेले. ओटा ओस पडला. पेनात शाई भरलेली आणि लिहायला काही नाही. मुलांनी काहीबाही खरडलं तर? आपण गप्प बसल्यामुळे पोरांचं नुकसान झालं तर? त्यातही स्वरूपाची काळजी त्यांना जास्त. ती पोर बोलायलाच अडखळते, ती लिहिणार काय!

सातव्या दिवशी स्वरूपा दोन कागद घेऊन आली. “गुरुजी, एकदा नजर टाका ना.”

गुरुजींचा हात आपसूक पेनाकडे गेला. टोपण निघालंसुद्धा. मग त्यांनी ते परत लावलं आणि उजवा हात सरळ मांडीखाली दाबून धरला.

“नाही वाचणार मी.”

“नुसतं शुद्धलेखन तरी बघा.”

शुद्धलेखन! गुरुजींच्या काळजाला घरं पडली. दाराशी आलेलं शुद्धलेखन त्यांनी आजवर कधी परत पाठवलं नव्हतं. “तेसुद्धा नाही,” ते म्हणाले. “मी एक वेलांटी सुधारायला घेईन आणि शेवटी त्यात वासरू घालीन. माझा मला भरवसा नाही पोरी. जा, आहे तसं टाकून ये.”

स्वरूपा हसली आणि पळत पोस्टात गेली. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत गुरुजींनी हात मांडीखालून काढला नाही.

महिन्याने उत्तरं आली. या वेळी एक पत्र नव्हतं, सात होती. ज्याने जे लिहिलं त्याला त्याविषयीचं उत्तर होतं. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला विचारलं होतं, की तू उघडून बसलास तो आजोबांचा रेडिओ शेवटी वाजला का, ते जरूर कळव. निवड सहा जणांची झाली नाही, पण सहाही जण आपापली पत्रं गावभर दाखवत फिरले. सातवं पत्र स्वरूपाचं होतं. तिची निवड झाली होती.

हणमंत पेढे घेऊन गुरुजींकडे आला. गुरुजींनी पेढा हातात धरला, पण तोंडात टाकला नाही. “आता तरी वाचू का गं?” त्यांनी स्वरूपाला विचारलं. तिने कच्ची वही आणून दिली. गुरुजींनी चष्मा पुसून वाचायला घेतलं.

“आमच्या घराच्या पत्र्याला खिळ्याएवढं भोक आहे. दुपारी बाराला ग्रामपंचायतीचा भोंगा होतो, तेव्हा त्या भोकातून आलेला उन्हाचा गोल फरशीवर पडतो. बाबांनी दारांना लावून उरलेला लाल रंग घरात होता. दर रविवारी भोंगा झाला की मी त्या गोलाच्या मधोमध ठिपका देते. दोन वर्षं झाली. थंडीत ठिपके स्वयंपाकघराकडे सरकतात. उन्हाळ्यात मागे येतात. पण ज्या वाटेने जातात त्या वाटेने परत येत नाहीत. दोरीच्या कड्याला एक पीळ देऊन ते जमिनीवर ठेवावं, तसा आकार होतो. भोक तेच आहे, भोंगा तोच आहे. मग येण्याची वाट वेगळी का, हे मला अजून कळलेलं नाही. बाबा भोक बुजवायला शिडी लावतात तेव्हा मी शिडी धरून बसते आणि त्यांना चढू देत नाही. पावसात आई तिथे पातेलं ठेवते. पावसाळ्यातल्या पुष्कळ रविवारी ढग होते. तिथे ठिपके नाहीत. मला गोल दिसला नाही, म्हणून मी ते अंदाजाने काढले नाहीत.”

शेवटच्या ओळीवर गुरुजी थांबले. ती त्यांनी पुन्हा वाचली. कधी न पडलेल्या वासराच्या कपाळावर आपण चांदणी काढली होती आणि ही चिमुरडी न दिसलेला एक ठिपकासुद्धा द्यायला तयार नव्हती. गुरुजींचे डोळे भरून आले. शेजारच्या घरात ते हजार वेळा गेले असतील. फरशीवरचे लाल ठिपके त्यांनी पाहिले होते. हणमंताने रंग सांडलाय, असं म्हणून त्यावरूनही त्याला चार शब्द सुनावले होते.

“हणमंता, पत्र्याचं तू कधी बोलला का नाहीस रे?”

“तुम्ही बोलू कुठं दिलं गुरुजी!” हणमंत हसत म्हणाला. “आणि पोरगी शिडी सोडंल तर ना!”

गुरुजींनी पेढा तोंडात टाकला. मग स्वरूपा चाचरत म्हणाली, “गुरुजी, एक काम होतं. मी शिबिराला गेले की चार रविवार मोकळे जातील. बाबा कामावर असतात, आई विसरते. ठिपके तुम्ही द्याल?”

एवढा मोठा मान गुरुजींना निरोप समारंभातही मिळाला नव्हता. “देईन की!” ते म्हणाले.

“पण त्या दिवशी ढग असले तर…”

“तर नाही काढायचा,” गुरुजी म्हणाले. “कळलंय मला.”

मे महिनाभर गाव बघत होतं. दर रविवारी बाराच्या आधी गुरुजी सुतारांच्या घरात फरशीवर मांडी घालून बसत. हातात रंगाची काडी आणि नजर गोलावर. भोंगा झाला की श्वास रोखून ठिपका देत.

स्वरूपा परत आली ती पिशवी खांद्यावरून न उतरवताच फरशीपाशी गेली. तीन नवे ठिपके होते. चौथ्या रविवारी वळवाचं आभाळ भरून आलं होतं. तिथली फरशी कोरी होती.

तात्पर्य: मुलांच्या तोंडी आपले गोड शब्द घालण्याआधी त्यांनी स्वतः काय पाहिलंय ते ऐकावं, आणि जे आपण पाहिलेलं नाही, त्याची जागा कोरी सोडावी.